घ आणि ध यांच्यामधला दोरा

गेली काही वर्षे मी कविता वहीत लिहून थांबत नाही. ती मी बोरूने रेखते, दोऱ्याने ओवते, घासून घेतलेल्या ठशांमध्ये आणि डागांमध्ये बसवते. संस्कृत साहित्यशास्त्रात दृश्यकाव्य म्हणजे नाटक, म्हणून गोंधळ नको यासाठी मी या प्रकाराला दृश्यकविता म्हणते. हे काम कसे चालते, असे मला अनेकदा विचारले जाते आणि दर वेळी माझे उत्तर अपुरे पडते, कारण प्रत्येक कवितेबरोबर रीत बदलते. त्यामुळे इथे मी एकाच कृतीची घडण पहिल्या ओळीपासून ती भिंतीवर टांगेपर्यंत सांगणार आहे. या एका कृतीला मला चौदा महिने लागले.

ज्या घरात मी वाढले ते रिकामे करण्याची वेळ आली, तेव्हा अखेरच्या दिवशी मोकळ्या खोलीत एका भिंतीसमोर मी बराच वेळ उभी होते. तसबिरी काढून झाल्या होत्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन आणि खिळ्यांची भोके उरली होती, आणि कोपऱ्यातून वर चढलेली ओल होती. माझ्याजवळ पातळ जपानी कागदाचे तीन ताव होते. ते भिंतीवर धरून मी मऊ ग्राफाइटच्या कांडीने घासले आणि पोपडे, भेगा, भोके त्यांच्यावर उतरवून घेतली. त्या वेळी मनात कलाकृती वगैरे काही नव्हते; भिंतीची नोंद असावी, एवढेच होते. कविता त्यानंतर आठवड्याभराने लिहिली गेली, ती अशी:

घर रिकामे केले.
भिंतीवर ओल राहिली
आणि खिळ्यांची भोके.
जे इतकी वर्षे धरून ठेवले
ते सोडताना हात थरथरला.

पहिल्या तीन ओळींवर माझा विश्वास होता. शेवटच्या दोन ओळी मोठ्याने वाचताना प्रत्येक वेळी मला अवघडल्यासारखे होई. पहिल्या तीन ओळींनी जे दाखवले, तेच या दोन ओळी समजावून सांगत होत्या. पण त्या काढून टाकल्या की कविता अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटे, म्हणून त्या राहिल्या, आणि मी ही कविता चित्रात न्यायला घेतली.

पहिला प्रयत्न अगदी सहज सुचणारा होता. ‘घर’ हा शब्द लहान अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहून मी त्याची भिंत रचली, वर उतरत्या ओळींचे छप्पर केले आणि एका कोपऱ्यातली अक्षरे पाण्याने फिसकटवली. दोन दिवस मला ते आवडले. तिसऱ्या दिवशी खोलीत शिरताना त्याच्याकडे नजर गेली आणि लक्षात आले की माझ्या डोळ्यांना तिथे थांबावेसे वाटत नाही. घराचा आकार एका क्षणात ओळखू येतो आणि ओळखल्यावर वाचण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. शब्दाने घर म्हटले होते, आकारानेही घरच म्हटले होते.

हा आक्षेप जुनाच आहे. आपल्या परंपरेत चित्रबंध आहेत: संस्कृत कवी भारवीच्या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात आणि माघाच्या महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गात अक्षरे अशी बसवली आहेत, की श्लोकाचे वाचन तिरक्या, उलट्या किंवा नागमोडी वाटेनेही करता येते. ‘सर्वतोभद्र’ प्रकारात आठ गुणिले आठ अशा चौसष्ट घरांत अक्षरे भरून कोणत्याही बाजूने वाचले तरी तेच चरण हाती येतात. हे कौशल्य थक्क करणारे आहे. तरीही अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने, ज्यात व्यंग्य, म्हणजे सुचवलेला अर्थ, नाही ते चित्र, असे म्हणून या साऱ्याला अवर, म्हणजे खालच्या प्रतीचे, काव्य ठरवले. विद्यार्थिदशेत मला हा निवाडा अन्यायाचा वाटला होता. माझ्या कागदी घरासमोर उभी असताना मात्र त्यातले तथ्य मला पटले. त्याच वेळी मला ऑयगेन गोमरिंगर या कवीची ‘मौन’ या एकाच शब्दाची रचना आठवली. तिथे तीन स्तंभ आणि पाच ओळींत तो शब्द चौदा वेळा येतो आणि मधोमध पंधरावी जागा कोरी राहते. मौन सांगतो तो शब्द नव्हे, ती कोरी जागा. आणि तो शब्द मोठ्याने उच्चारला तर ती जागा ऐकू येत नाही. तेव्हापासून माझी कसोटी हीच आहे. कविता वाचून दाखवल्यावर काहीच हरवत नसेल, तर कागद, शाई आणि दोरा यांनी तिथे काही काम केलेले नाही, ती केवळ सजावट झाली.

मी ते घर बाजूला ठेवले आणि कवितेकडे साहित्याच्या नजरेने पाहू लागले. तिच्यात तीन वस्तू होत्या: घर, ओल आणि भोके. भोकांचे ठसे माझ्याजवळ होतेच. ओलीपासून सुरुवात केली, कारण ती सर्वांत सोपी वाटली आणि सर्वांत अवघड निघाली.

‘ओल’ हा शब्द ओला दिसला पाहिजे, पण वाचताही आला पाहिजे. त्यासाठी मी दोन शाया घेतल्या. एक लाखेच्या द्रावणात काजळी कालवलेली, वाळल्यावर पाण्याने न हलणारी. दुसरी साधी डिंकाची, पाणी लागले की पसरणारी. कागद तीनशे ग्रॅम वजनाचा, कापसाच्या लगद्याचा. पहिल्या दिवशी मी पसरणाऱ्या शाईने शब्द लिहून त्यावर पाणी सोडले, तर शब्द बुडाला आणि राखाडी थारोळे उरले. मग क्रम उलटा केला, आधी कागद भिजवला आणि त्यावर लिहिले. भिजवल्याबरोबर लिहिले तर अक्षर फुटते, कागद वाळल्यावर लिहिले तर ते कोरडेच राहते. या दोहोंच्या मध्ये एक छोटी वेळ असते: पृष्ठभागावरची चकाकी नुकतीच मावळलेली असते, पण हाताच्या पाठीला कागद अजून थंड लागतो. त्या वेळी बोरू टेकवला, की रेघेची मधली शीर ठाम राहते आणि कडांना केसांसारखे तंतू फुटतात. भिंतीवरच्या ओलीची कड अशीच असते. हवेतल्या दमटपणाप्रमाणे ही वेळ रोज बदलत असे, म्हणून घड्याळाचा उपयोग होईना. हाताची पाठच खरी. ‘ओल’ मी एकेचाळीस तुकड्यांवर लिहिला. एकोणतिसाव्या तुकड्यावरचा शब्द मला हवा होता तसा आला, पण नंतरचे बारा तुकडे करून पाहिल्याशिवाय ते कळणार नव्हते.

याच काळात मी एक चूक केली, तिची किंमत तीन महिने होती. ओलीला निळसर छटा हवी, असे माझ्या डोक्यात बसले होते आणि त्यासाठी मी सायनोटाइप वापरायचे ठरवले. ही छायाचित्रणाची जुनी पद्धत जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली. लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण कागदावर लावून उन्हात धरले आणि पाण्यात धुतले, की गडद निळा रंग उतरतो. मी भिंतीचा खडबडीतपणा आणण्यासाठी कागदावर आधी जेसोचा, म्हणजे चित्राखाली देतात त्या पांढऱ्या लेपाचा, थर दिला, त्यावर क्षार लावले आणि ठशाची छाया उतरवली. निळा अप्रतिम आला. दोन आठवड्यांत त्याच्या कडा पिवळ्या पडू लागल्या, सहा आठवड्यांत मधला भागही तांबूस फिका झाला. प्रशियन निळ्याला अल्कली सोसत नाही, त्यात तो मोडतो आणि मागे लोहाचा पिवळट-तपकिरी अंश राहतो. आणि माझ्या जेसोत खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, होती. हे मला आधी माहीत असायला हवे होते. अनेक दिवस मी स्वतःची समजूत घालत होते, की हा पिवळेपणाही ओलीचाच रंग आहे, तो राहू द्यावा. पण तो तिथे थांबणारा नव्हता, वर्षभरात काही उरले नसते, आणि जे काम आपोआप नाहीसे होणार आहे ते दुसऱ्याच्या भिंतीवर टांगणे मला मान्य नव्हते. मी निळा सोडला. मागे वळून पाहता, तो कवितेत कुठेही नव्हता. मला ते तंत्र आवडत होते म्हणून मी त्याला जागा शोधत होते.

तिसरी वस्तू ‘घर’. हा शब्द मला मोठा, नऊ सेंटीमीटर उंचीचा हवा होता. देवनागरी बोरूने लिहिताना माझी सवय अशी, की आधी सर्व अक्षरांचे देह लिहायचे आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एका श्वासात शिरोरेषा ओढायची. एका संध्याकाळी मी ‘घ’ आणि ‘र’ यांचे देह लिहिले आणि शाई संपली म्हणून उठले. परत आले, तेव्हा कागदावर शिरोरेषा नसलेला शब्द होता, आणि दारातून तो मी ‘धर’ असा वाचला.

मी तिथेच उभी राहिले. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, पण त्याकडे आपण कधी पाहत नाही: घ आणि ध, म आणि भ या जोड्यांमधला भेद फार थोड्या जागेत राहतो. घ च्या डोक्यावरची रेघ अखंड जाते, ध च्या डाव्या अंगावर ती नसते, आणि तिथे अक्षराचे टोक किंचित आत वळते. शाळेत ‘शिरोरेषा पुरी दे’ असे बजावले जाते ते याचसाठी. माझ्या हाताचे वळण असे, की घ चे टोकही थोडे आत झुकते. रेघ त्याला झाकते म्हणून ते कुणाला दिसत नाही. ती रेघ नसली, की ‘घर’ म्हणजे ‘धर’. कवितेच्या चौथ्या ओळीत मी जे धरून ठेवणे शब्दांत सांगू पाहत होते, ते पहिल्याच शब्दाच्या आत, एका रेघेखाली झाकलेले होते.

मग प्रश्न असा, की ही रेघ असावी आणि नसावीही, हे कसे करायचे. दोन कागद शेजारी लावणे म्हणजे पुन्हा समजावून सांगणे झाले असते. रेघ फिकट करून पाहिली, मेणाने अर्धवट रोखून पाहिली. दोन्हींत शब्द फक्त जीर्ण दिसला. उपाय खिळ्यांनी सुचवला. रेघ कागदावर न लिहिता ती दोऱ्याची करावी, आणि दोरा कागदाच्या पुढे, दोन बाजूंच्या खिळ्यांवर ताणून बांधावा. समोरून सरळ पाहिले तर दोरा अक्षरांच्या माथ्यावर येतो आणि शब्द ‘घर’ होतो. पाहणारा खाली वाकला, की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत वर सरकलेली दिसते. दोरा माथ्यावरून उचलला जातो आणि खालचे अक्षर उघडे पडते. घ च्या दांड्यावर आणि र वर मी शाईनेच रेघ ठेवली, फक्त घ चे डावे अंग मोकळे सोडले, म्हणजे दोरा उचलला गेला की तिथे शुद्ध ‘ध’ उरतो. आणि वाचणारा खाली वाकणारच होता, कारण ‘ओल’ आणि भोकांची ओळ खाली लहान अक्षरांत होती.

आता मापांचे काम उरले. कागदापासून साठ सेंटीमीटरवर उभा असलेला वाचक खालच्या ओळींसाठी साधारण वीस सेंटीमीटर वाकतो, असे मी घरातल्या लोकांना उभे करून मोजले. दोरा बारा मिलिमीटर पुढे असेल, तर एवढ्या वाकण्याने तो चार मिलिमीटर सरकलेला दिसतो. म्हणून शिरोरेषेची जाडी तीन मिलिमीटरच्या आत ठेवणे भाग होते. कापसाचे तीन पेड वळून त्यांना मेण लावले, तेव्हा ताण आणि जाडी दोन्ही साधली. खिळे पितळी घेतले, कारण लोखंडाचा गंज कागदाला खातो. आणि ते ठोकता यावेत म्हणून पूर्ण ताव पातळ लाकडी फळीवर चिकटवावा लागला.

चिकटवण्याच्या त्या दोन दिवसांविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण माझ्याजवळ ठशांचे तीनच ताव होते आणि ती भिंत आता माझ्या आवाक्यात नव्हती. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून मी ती चाळणीतून दोनदा गाळली आणि दुधाइतकी पातळ केली. कागद भिजला की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, उभ्या दिशेने फार थोडा. वरचा आणि खालचा कागद यांची दिशा जुळली नाही, तर वाळताना दोघे एकमेकांना ओढतात आणि सुरकुत्या पडतात. पहिल्या ठशाची दिशा तपासण्यासाठी मी त्याच्या कडेची बोटभर पट्टी फाडली: उभी फाटते ती सरळ, आडवी फाटते ती वेडीवाकडी. एवढी काळजी घेऊनही पहिला ताव हातातून गेला. खळीच्या ओलाव्याने ग्राफाइट सुटले आणि कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात भिंतीचा कोपरा करडा होऊन पुसला गेला. मी त्या दिवशी पुढचे काम केले नाही. दुसऱ्या तावाला आधी बारीक फवाऱ्याने स्थिरक, म्हणजे ग्राफाइट धरून ठेवणारे द्रावण, मारून तो रात्रभर राहू दिला, खळ ठशाला न लावता खालच्या कागदाला लावली, ताव दोन्ही हातांनी मधोमध टेकवला आणि कोरड्या मऊ ब्रशने मधून कडांकडे वारा काढत गेले. भोके भोकांच्या जागी बसली. फळीच्या पाठीलाही तसाच कागद चिकटवला, नाहीतर ती एका बाजूला वाकली असती. तिसरा ताव मी वापरलेला नाही, तो सपाट पेटीत आहे.

यानंतर मी कविता पुन्हा लिहायला बसले. आता पहिल्या ओळीत मोठा ‘घर’, शेजारी लहान अक्षरांत ‘रिकामे केले’. त्याखाली ‘ओल’ हा एकोणतिसावा तुकडा, वर चढत गेलेल्या डागासकट. त्याखाली ठशातली भोके. आणि ‘खिळ्यांची भोके’ हे शब्द मी काढून टाकले, कारण भोके स्वतः तिथे होती. ‘जे इतकी वर्षे धरून ठेवले’ ही ओळ मी पेन्सिलीने हलकी लिहून पाहिली आणि खाली वाकून वर पाहिले. दोरा उचलला गेला, ‘धर’ दिसला आणि पेन्सिलीची ओळ तिथे आगंतुक वाटली. मी ती खोडली, तिच्यामागची ओळही खोडली. ज्या दोन ओळी वर्षभर मला सोडवत नव्हत्या, त्या गेल्या तरी कविता तुटली नाही. एरवी मी शब्द वगळते तेव्हा काहीतरी गमावल्याची चुटपूट लागते; या वेळी ती लागली नाही.

टांगण्याच्या वेळी एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबातून निसटली होती. सगळी मापे मी प्रौढ माणसाच्या नजरेची घेतली होती. शब्द जमिनीपासून दीडशे सेंटीमीटरवर आला, काचेची चौकट दोऱ्यापासून सुटी ठेवली, प्रकाश पन्नास लक्सवर आणला, कारण कागदावरच्या कामाला त्याहून जास्त प्रकाश फार दिवस चालत नाही. पहिल्याच दिवशी एक मुलगी, असेल आठ-नऊ वर्षांची, समोर उभी राहिली आणि तिने सरळ ‘धर’ वाचले. तिच्या उंचीवरून ‘घर’ दिसतच नव्हते. तिच्या आईने वरून वाचले, ‘घर आहे गं ते.’ मुलगी म्हणाली, ‘नाही, धर.’ दोघींनी बोट दाखवून एकमेकींना अक्षर समजावले, मग आई खाली बसली. काही क्षणांनी तिने मुलीला कडेवर उचलून वर घेतले. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते आणि पुढे गेले नाही. नंतर मला सुचवले गेले, की मुलांसाठी एक पायरी ठेवावी. मी ती ठेवली नाही. चाकाच्या खुर्चीवरून पाहणाऱ्यांसाठीही मी उंची बदलली नाही, पण शेजारी आडव्या मेजावर त्याच शब्दाची छोटी प्रत ठेवली, जिला बोट लावता येते आणि जिच्यातला दोरा हाताने उचलता येतो. ही सोय मी सुरुवातीपासून करायला हवी होती.

प्रदर्शनाच्या शेवटी कवितावाचनाची एक संध्याकाळ होती आणि हीच कविता वाचावी, असा आग्रह झाला. मी तयारी म्हणून आरशासमोर वाचून पाहिली. ‘घर’ म्हटले की ‘धर’ राहून जाते. ‘घर, धर’ असे लागोपाठ म्हटले तर यमक होते, आणि जे एकाच जागी आहे ते दोन शब्दांत फुटते. घ कंठ्य, ध दंत्य. जिभेला एकाच वेळी दोन्ही जागी असता येत नाही. त्या संध्याकाळी मी इतर कविता वाचल्या, आणि हिची पाळी आली तेव्हा मेजावरची छोटी प्रत उचलून पहिल्या रांगेत दिली. ती हातोहात मागे जात राहिली. प्रत्येक जण दोरा थोडा उचलून पाही, पुन्हा माथ्यावर टेकवी आणि शेजाऱ्याकडे देई. शेवटच्या रांगेतून ती माझ्याकडे परत यायला बारा-तेरा मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ कुणीही बोलले नाही.